डाय सेट, टेंपरेचर सेट, माल सेट आणि बारा नगांचा सेट

ओसरी

नमस्कार मंडळी,

दर रविवारी संध्याकाळी मी आमच्या भागातल्या वाचनालयाच्या हॉलमध्ये बोलण्यापुरतं इंग्रजी शिकवते. येणारी बहुतेक मुलं एमआयडीसीत कामाला आहेत. कुणी आयटीआय केलेला, कुणी बारावीनंतर थेट मशीनवर उभा राहिलेला. त्यातल्या एकाने, प्लॅस्टिक मोल्डिंगवर असलेल्या मुलाने, तीन आठवड्यांपूर्वी वही माझ्यापुढे धरली. शिफ्टमध्ये सुपरवायझर जे सांगतो ते त्याने उतरवून आणलं होतं. डाय (म्हणजे साचा) सेट कर. टेंपरेचर सेट कर. माल सेट होईपर्यंत साचा उघडू नको. बारा नगांचा एक सेट करून पॅक कर. आणि खाली त्याचा प्रश्न : "मॅडम, चारही ठिकाणी सेटच आहे. मग सेट म्हणजे काय?"

मी त्याला "ठेवणे, ठरवणे" असं काहीतरी सांगितलं. त्याने मान हलवली, पण पटलं नव्हतं हे दिसत होतं. घरी आल्यावरही प्रश्न डोक्यातून जाईना. कितीतरी वर्षं भाषांतरात काढली, रोज दहा वेळा हा शब्द डोळ्यांखालून जातो आणि दर वेळी मी वेगळा मराठी शब्द लिहून पुढे जाते. आत काय आहे हे कधी बघितलंच नव्हतं. म्हणून आठवडाभर तेच वाचत बसले.

मिळालं ते असं. हे क्रियापद जुन्या इंग्रजीत 'सेत्तान' असं होतं, आणि ते 'सित्तान' म्हणजे बसणे या क्रियापदाचं प्रयोजक रूप. म्हणजे सिट म्हणजे बसणे आणि सेट म्हणजे बसवणे. इंग्रजीत अशा आणखी जोड्या उरल्या आहेत : राइज आणि रेज, लाय आणि ले, फॉल आणि फेल. शेवटची जोडी बघा, झाड पडतं तेव्हा फॉल आणि आपण पाडतो तेव्हा फेल (हा नापासातला फेल नव्हे). आपल्या पडणे-पाडणेसारखाच आतला स्वर बदलतो. इंग्रजीत आता असे नवे शब्द तयार होत नाहीत, जुने तेवढे राहिलेत. आपल्याकडे ही सोय अजून चालू आहे. बसवणे, उठवणे, निजवणे, हसवणे, नवीन धातू आला तरी 'व' लावून मोकळे.

आणि मागे गेलं की सगळं आपल्या दारात येतं. संस्कृतमधला सद् धातू, बसणे. सदन, सभासद, परिषद, उपनिषद हे सगळे त्याचे. इंग्रजी सिट-सेट त्याच मुळाचे. संस्कृतमधला द तिकडे ट होतो, हे दोन-टू, दहा-टेन, दात-टूथ या शब्दांत दिसतंच.

आता वहीतली वाक्यं परत वाचा. डाय सेट कर, म्हणजे डाय बसव. टेंपरेचर सेट कर, म्हणजे आकडा एका जागी बसव. माल सेट होऊ दे, म्हणजे माल बसू दे, हलता-वाहता राहू देऊ नको. तीन वाक्यं एका धाग्यात आली.

चौथं येईना. बारा नगांचा सेट. कितीही ओढलं तरी बसवण्याशी त्याचा संबंध लागत नव्हता. शेवटी कळलं की तो वेगळाच शब्द आहे! समूह या अर्थाचं नाम जुन्या फ्रेंचमधून आलं, त्याच्या मागे लॅटिन 'सेक्ता', म्हणजे अनुयायांचा गट. पंथ या अर्थाचा सेक्ट त्याचा सख्खा भाऊ. त्यातली क्रिया मागोमाग जाण्याची आहे, तिचा संस्कृत नातेवाईक सच् धातू, ज्यातून सचिव आला. सोबत असणारा तो सचिव. दोन घरांतले दोन शब्द झिजत झिजत एकाच रूपावर आले आणि पुढे एकमेकांत मिसळले.

पुढच्या रविवारी फळ्यावर हे मांडलं. वहीवाला मुलगा लगेच म्हणाला, "म्हणजे डाय बसवायची. आम्ही तेच म्हणतो की!" तिथे जुने ऑपरेटर 'डाय बसली का' असंच विचारतात म्हणे. माझा आठवडाभराचा शोध त्यांच्या तोंडी आधीपासून होता, याचा मला मनापासून आनंद झाला.

तर विनंती अशी, की तुमच्या कामात हा शब्द कुठे येतो आणि त्या जागी तुमच्याकडची जुनी माणसं काय म्हणतात ते लिहा. कोशातले अर्थ मला मिळतील. कामाच्या जागेवरचे तुमच्याकडूनच मिळतील.

---

शब्दवेडा

ताई, फार चांगला विषय काढलात. थोडी भर.

ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ मध्ये २० खंडांत निघाली. तिच्यात सगळ्यांत लांब नोंद याच शब्दाची होती. क्रियापदाचेच सुमारे ४३० अर्थ आणि मजकूर ६०,००० शब्दांच्या आसपास. एका शब्दासाठी एक छोटी कादंबरी! तिसऱ्या आवृत्तीचं काम सुरू झाल्यावर २०११ च्या सुमारास 'रन' पुढे गेला. त्याच्या क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदले गेले, आणि त्या एका शब्दावर संपादक पीटर गिलिव्हर यांचे सुमारे नऊ महिने गेले.

यावर माझं मत असं की इंग्रजीची ही ताकद आपल्याकडे नाही. तीन अक्षरांत ४३० अर्थ. आपल्याला प्रत्येक ठिकाणी वेगळा शब्द शोधावा लागतो.

---

पडद्यामागे

नाटकवाला आहे, म्हणून थोडक्यात. आमच्याकडे दिग्दर्शक नाटक 'बसवतो' आणि आम्ही सेट 'लावतो'. उलट कधीच होत नाही. सेट बसवला असं कुणी म्हणत नाही, नाटक लावलं म्हटलं तर त्याचा अर्थ थिएटरला प्रयोग लावला असा होतो.

आणि ओसरीताई, एक दुरुस्ती. आमचा सेट हे नाम असलं तरी तुमच्या दुसऱ्या घरातलं वाटत नाही. रंगमंचावर जे उभं केलं, मांडलं, ते सेट. म्हणजे तो पहिल्या, बसवण्याच्या घरातला. सगळी नामं समूहाच्या खात्यात टाकू नका.

---

ओसरी

@पडद्यामागे, अगदी बरोबर, मी घाईत लिहिलं. नामांचेही दोन ढीग आहेत. नेपथ्याचा सेट आणि सूर्यास्तातला सेट हे क्रियापदापासून आले. सोफासेट, डिनर सेट, आहेरात हमखास यायचा तो लेमन सेट, हे समूहाचे. रेडिओ सेट, टीव्ही सेट हेही मी समूहातच धरेन, कारण मुळात तो जोडलेल्या भागांचा संच. कर्नाटकातला सेट डोसाही तिथलाच, बशीत दोन-तीन मऊ डोसे एकत्र येतात म्हणून.

@शब्दवेडा, तुमच्या मताशी सहमत नाही, पण उत्तर सवडीने देते. आधी बाकीच्यांचं येऊ दे.

---

निफाडकर_बागाईतदार

ताई, आमच्याकडे द्राक्षात हा शब्द रोजचा आहे. ऑक्टोबर छाटणी झाली की डोळे फुटतात, घड बाहेर पडतो, मग फुलोरा. फुलोरा संपून फुलाच्या जागी बारीक मणी दिसायला लागला की आम्ही म्हणतो सेटिंग झाली. फोनवर पहिला प्रश्न तोच, "सेटिंग कशी आहे?" फुलोऱ्यात पाऊस आला, ढगाळ राहिलं, तर गळ होते, कूज होते आणि सेटिंग हातची जाते. त्या आठ-दहा दिवसांत आम्ही झोपेतसुद्धा आभाळाकडे बघत असतो. डाळिंबवालेही सेटिंगच म्हणतात.

कृषी खात्याच्या पुस्तिकेत 'फळधारणा' लिहिलेलं असतं. ते कुणी बोलत नाही. पण माझे वडील 'मणी धरला' म्हणायचे. आंब्याला मोहोर आला की कैरी धरली, भोपळ्याला फळ धरलं. डाळिंबात तर बहारच धरतात, मृग बहार, हस्त बहार, आंबे बहार. म्हणजे तुमचं बसवणे इथे चालत नाही. फळ बसत नाही, धरतं. झाडाने ते धरलं, सोडलं नाही. मला तर इंग्रजीपेक्षा हा शब्द जास्त खरा वाटतो, कारण पुढची सगळी काळजी झाड ते सोडेल का याचीच असते.

आणखी दोन. खरीप कांद्यासाठी रोपाऐवजी बारीक कांदे लावतात, त्यांना 'सेट' म्हणतात. आणि उसाच्या लागणीला जे कांड्यांचे तुकडे वापरतो, आमचं बेणं किंवा टिपरी, त्याला इंग्रजी पुस्तकात शेवटी दोन टी असलेला 'सेट' लिहितात. हा तोच शब्द का?

---

ओसरी

दादा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. 'धरणे' माझ्या डोक्यात आलंच नव्हतं, वहीत लिहून घेतलं. दोन टीवाला तोच शब्द आहे, फक्त जुनं स्पेलिंग काही धंद्यांत टिकून राहिलं. जमिनीत बसवायचा तुकडा तो सेट. इंग्लंडात रस्त्याला बसवलेल्या घडीव दगडालाही दोन टी लावतात, आणि बॅजर नावाचा प्राणी जमिनीखाली जे बीळ करतो त्यालाही.

---

कोर्टाची_पायरी

मी वकिली करते आणि या शब्दाने आमच्या एका पक्षकाराची झोप उडवली होती, ते सांगते.

वरच्या कोर्टाने खालच्या कोर्टाचा हुकूम 'सेट असाइड' केला. त्याचा अर्थ हुकूम रद्द झाला, आमचा पक्षकार जिंकला. त्याला कुणीतरी मराठीत टाइप करून दिलेला कागद मिळाला, त्यात लिहिलं होतं "हुकूम बाजूला ठेवण्यात येत आहे." तो साठीचा शेतकरी माणूस. त्याने वाचलं आणि त्याला वाटलं, नुसता बाजूला ठेवलाय, म्हणजे पुन्हा कधीतरी बाहेर काढणार. दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी ऑफिसात येऊन खुर्चीच्या कडेवर टेकला आणि हळू आवाजात विचारलं, "ताई, बाजूला म्हणजे किती दिवस?" मी त्याला सांगितलं की बाबा, तो हुकूम आता नाही, संपला. मग तो नीट मागे टेकून बसला आणि पाणी मागितलं.

मराठीत याला 'रद्दबातल' हा शब्द वर्षानुवर्षं आहे. एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घ्यायचा अर्ज दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ९, रूल १३ खाली होतो, तोही सेट असाइडचाच. शब्दाला शब्द लावला की असं होतं. माझी कळकळीची विनंती आहे की कोर्टाचं भाषांतर करणाऱ्यांनी तरी एवढं बघावं.

'सेट ऑफ' हा वेगळाच. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४२८ होतं, आरोपीने खटला चालू असताना जेवढे दिवस तुरुंगात काढले ते शिक्षेतून वजा करायचे. मराठीत 'वजावट'. व्हॅटच्या काळात व्यापारी 'सेटऑफ मिळाला का' विचारायचे, तीही वजावटच. पैशाच्या दाव्यात उलट येणं दाखवून वळतं करून घ्यायचं, तेही सेट ऑफ. आणि फटाक्याचा, प्रवासाचा सेट ऑफ याहून निराळा.

सुनावणीसाठी प्रकरण 'सेट डाउन' होतं, तेव्हा आम्ही म्हणतो बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या कामाच्या यादीत, लागलं. तारीख लागली. इथे 'लागणे' आहे, बसणे नाही. ताई, याची नोंद घ्या.

---

मिहीका

वाचतेय. प्रत्येक प्रतिसादात नवीन क्रियापद निघतंय.

---

काँक्रीट_आणि_काळजी

सिव्हिल इंजिनिअर. मला या शब्दाबद्दल थोडं गंभीरपणे लिहायचंय, कारण तो साइटवर धोका करतो.

सिमेंटमध्ये दोन वेगळ्या गोष्टी आहेत, सेट होणे आणि ताकद येणे. भारतीय मानकाप्रमाणे साध्या पोर्टलँड सिमेंटचा सुरुवातीचा सेटिंग टाइम ३० मिनिटांपेक्षा कमी नसावा आणि शेवटचा ६०० मिनिटांपेक्षा जास्त नसावा. म्हणजे अर्धा तास तरी माल हाताळता यायला हवा आणि दहा तासांत तो घट्ट व्हायला हवा. हे जमावं म्हणून सिमेंट दळताना त्यात जिप्सम घालतात, नाहीतर पाणी लागताच ते आवळून जाईल.

पण घट्ट झालं म्हणजे वजन पेलायला लागलं असं नाही. ताकद पुढे आठवडेच्या आठवडे येत राहते, म्हणून २८ दिवसांनी त्याच काँक्रीटचा नमुन्याचा ठोकळा (क्यूब) फोडून बघतात. स्लॅबखालचे टेकू साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला (दोन आधारांमधल्या अंतराला) ७ दिवस आणि त्याहून मोठ्याला १४ दिवस ठेवावेत असं आयएस ४५६ सांगतं. साइटवर मात्र दुसऱ्या दिवशी स्लॅबवर पाय देऊन माणूस म्हणतो, "साहेब, सेट झालाय, सेंट्रिंग काढू?" त्याचं निरीक्षण खरं असतं, माल सेट झालेलाच असतो. पण त्या एका शब्दात त्याला 'तयार झाला' ऐकू येतं. म्हणून मी साइटवर 'घट्ट झालाय, पण अजून पिकला नाही' असं सांगतो. पिकला हा शब्द सगळ्यांना कळतो.

ओसरीताई, तुमच्या मोल्डिंगवाल्या मुलालाही सांगा. त्याचा माल सेट होतो तो नुसता थंड होऊन. तो दळून पुन्हा वितळवता येतो, त्याच्याकडे स्क्रॅप परत घालतातच. पण बेकेलाइट, म्हणजे जुन्या काळ्या स्विचांचं आणि कुकरच्या दांड्याचं मटेरियल, ते उष्णतेने कायमचं सेट होतं. परत वितळत नाही, जळतं. त्या जातीचं नावच थर्मोसेट. लिओ बेकेलंड यांनी ते १९०७ मध्ये तयार केलं. एकच शब्द, एकीकडे परतीचा रस्ता आहे आणि एकीकडे नाही.

---

खिळे_आणि_शाई

मी छापखान्यात उमेदीची वर्षं काढली, शिशाच्या खिळ्यांच्या, म्हणजे एकेका अक्षराच्या सुट्या ठशांच्या काळात. इंग्रजी छापखान्यात या कामाला टाइपसेटिंग म्हणत. आम्ही 'कंपोज' म्हणायचो, आणि मराठीत जुळवणे. माणूस जुळारी. सेट हा शब्द आमच्या तोंडी नव्हता, पण आजही पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावर 'अक्षरजुळणी' छापलेलं दिसतं ना, तो त्याचाच मराठी अवतार. संगणक आला, खिळे गेले, शब्द राहिला.

जुळवणे हा शब्द मला बसवणेपेक्षा जास्त आवडतो. डाव्या हातात स्टिक (ओळ जुळवायची पट्टी), उजव्या हाताने केसमधून, म्हणजे खणांच्या पेटीतून, एकेक खिळा उचलायचा. अक्षर उलटं, ओळ डोक्यावर उभी, पण बोटाला खिळ्याची खाच लागली की न बघता सरळ बसतो. मराठीचं काम इंग्रजीपेक्षा अवघड, कारण तिकडे थोड्या अक्षरांत भागतं, इकडे काना, वेलांटी, रफार, जोडाक्षरं यांचे वेगळे खिळे आणि त्यांचे वेगळे खण. ओळ भरली की शब्दांमधल्या फटी सारख्या करायच्या, मग ओळ घट्ट बसते. सैल राहिली तर फर्मा उचलताना मधूनच खिळे निसटून सगळं पान जमिनीवर. त्या आवाजाने अख्खा छापखाना थांबायचा.

इंग्रजीत खिळ्याच्या रुंदीलाही सेट म्हणत, हे आमच्या फोरमनने सांगितलेलं आठवतं.

---

अंकज्ञ

गणितातला सेट राहिलाच. आपल्या नववीच्या पुस्तकातलं पहिलं प्रकरण, 'संच'. शब्द चांगला आहे, सम् आणि चि, एकत्र गोळा केलेलं. हिंदीतला समुच्चय त्याच धातूचा. या विषयाचा पाया गेओर्ग कँटर यांनी १८७४ च्या लेखापासून घातला, ते जर्मनमध्ये 'मेंगं' लिहायचे, साधा अर्थ पुष्कळ, रास. इंग्रजीने त्याला सेट केलं.

फक्त एक काळजी. गणितातला संच आणि लेमन सेट यांत फरक आहे. लेमन सेटमधला एक ग्लास फुटला तर आपण म्हणतो सेट मोडला. गणितात एक घटक काढला की मोडत काही नाही, दुसरा संच तयार होतो. आणि काहीही नसलेला रिक्त संचही तिथे संचच असतो. वर्गात मुलं इथेच अडतात, कारण त्यांच्या मनात घरातला सेट असतो.

टेनिसचाही सांगतो. सहा गेम आणि दोनचं अंतर म्हणजे सेट. २०१० च्या विंबल्डनमध्ये इस्नर-माहू सामन्याचा पाचवा सेट ७०-६८ ला संपला, सामना तीन दिवसांत मिळून ११ तास ५ मिनिटं चालला. तेव्हा तिथे पाचव्या सेटला दोनचं अंतर मिळेपर्यंत खेळायचंच असा नियम होता.

---

परदेशी_पाटी

मी अमेरिकेत दर रविवारी मराठी शाळेत शिकवते, आणि ओसरी, तुझा प्रश्न मला इथे उलटा भेटला.

इथे जन्मलेली आठ-नऊ वर्षांची मुलगी. तिच्या आजी आल्या होत्या भारतातून. मुलीने मला विचारलं, "लावणे म्हणजे काय? आजी म्हणाली दिवा लाव, तर मी ऑन केला. मग म्हणाली दार लाव, तर मी उघडलं. ती म्हणाली अगं लाव, लाव!" तिला वाटलं होतं लावणे म्हणजे चालू करणे, आणि दार चालू करणे म्हणजे उघडणे.

मग मी पूर्ण वर्गाला गृहपाठ दिला, आजीच्या मागे सकाळभर फिरा आणि 'लाव' किती वेळा ऐकू येतं ते लिहा. मुलीने आणलेलं पान माझ्याकडे आहे. देवापुढे दिवा लावला. उदबत्ती लावली. कुकर लावला. रात्रीचं दूध कोमट करून विरजण लावलं. मला तेल लावलं. कपाळाला कुंकू लावलं. बाबांना फोन लावला. डाळ निवडायला मला लावलं. गजर लावला. टीव्ही लावला. पोळीला तूप लावलं. शेवटी दार लावलं. बाराच ओळी, पण इंग्रजीत लिहायला गेलं तर जवळजवळ प्रत्येकीला वेगळं क्रियापद लागलं. त्यांतला गजर तेवढा इंग्रजीत सेट होतो.

@शब्दवेडा, हे तुमच्यासाठी.

---

शब्दवेडा

हे पान वाचून माझं म्हणणं मागे घेतो. कुकर लावणे आणि विरजण लावणे मी रोज म्हणतो, कधी मोजलं नव्हतं.

---

ओसरी

@परदेशी_पाटी, त्या मुलीच्या पानाची प्रत मला हवी आहे, रविवारच्या वर्गात लावेन. (हेही लावणंच!)

@शब्दवेडा, मला द्यायचं होतं ते उत्तर आजींनी दिलं. एवढंच जोडते. ४३० हा आकडा कोशकार किती बारीक फोड करतात यावरही ठरतो. आपल्याकडे मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, दाते-कर्वे मंडळींचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ मध्ये सात खंडांत निघाला. त्यांत लावणे, लागणे, बसणे, धरणे, पडणे यांच्या नोंदी उघडून बघा. आजही कुणी एमआयडीसीत, द्राक्षबागेत, कोर्टात आणि नाट्यगृहात फिरून नव्याने नोंदी घेतल्या तर या धाग्यात दोन दिवसांत आल्या तशा शेकडो मिळतील. हे काम कुणीतरी हातात घ्यावं असं मला फार वाटतं.

माझं आतापर्यंतचं टिपण असं. इंग्रजी सेटच्या जागी मराठीत सापळा, आग, पैज, चाल, गजर, तारीख यांना लावणे. हाड, दात, नाटक, फरशी, डाय, गणपती यांना बसवणे. पान मांडणे. खिळे जुळवणे. फळ धरणे. हुकूम रद्द होणे. दही लागणे. सूर्य मात्र कुठेच बसत नाही.

---

अस्तमान

सूर्याबद्दल मी सांगतो. इंग्रजीत सूर्य 'सेट' होतो, म्हणजे तुमच्या हिशेबाने खाली बसतो. मराठीत दिवस मावळतो, बुडतो. संस्कृतात अस्ताला जातो. त्यातल्या 'अस्त' शब्दाचा ऋग्वेदातला एक अर्थ घर असा आहे. 'अस्तम्' जाणे म्हणजे घरी जाणे. पुढे तो अर्थ विसरला गेला आणि अस्त म्हणजे शेवट झाला.

लहानपणी आमच्या कोकणातल्या घरी आजी दिवेलागणीला 'दिवस घरी गेला' म्हणायची. तिला ऋग्वेद माहीत असण्याचा प्रश्न नव्हता. तिला तसं दिसत होतं.

---

ओसरी

हे वाचून थांबलेच थोडा वेळ. 'दिवेलागण' शब्दातही लागणे आहेच.

एकच जागा रिकामी राहिली आहे. दागिन्यात खडा सेट करतात त्याला पेढीवर कारागीर काय म्हणतात? जडवणे, कोंदणात बसवणे हे लिहिलेलं वाचलंय. बोलताना?

---

कोंदण

आमच्या घरी तीन पिढ्या हेच काम. बोलताना 'खडा बसवला' म्हणतो. जडाव काम हा पूर्ण कामाचा शब्द, गिऱ्हाइकाशी बोलताना जास्त. तरुण कारागीर सेटिंग म्हणतात, क्लॉ सेटिंग, बंद सेटिंग, पण हातात अंगठी घेतली की तेही विचारतात, "बसला का?"

खड्यासाठी सोन्यात घर करतात. हो, 'घर' असंच म्हणतो आम्ही. घर खड्यापेक्षा केसभर लहान ठेवायचं, खडा वरून दाबून आत घ्यायचा आणि कडेचं सोनं त्याच्यावर वळवायचं. जोर जास्त झाला तर खड्याला चीर जाते, कमी झाला तर महिन्याभरात हलायला लागतो. पन्ना असला की वडील अजून स्वतः करतात, आम्हाला हात लावू देत नाहीत, कारण पन्ना ठिसूळ.

झाल्यावर डोळ्याने बघत नाहीत. अंगठी कानाशी धरायची आणि नखाने बारीक टिचकी मारायची. खडा बसला असेल तर आतून काही ऐकू येत नाही.